एक जूनच्या आधीची सोळा वर्षं

१ जूनला एस.टी.चा वाढदिवस असतो. परभणीच्या स्थानकावर आंब्याच्या पानांचं तोरण लागतं, एखाद्या गाडीच्या तोंडाला झेंडूचा हार पडतो, प्रवाशाच्या हातावर पेढा ठेवला जातो. मग माइकवरून ती गोष्ट येते. १९४८ साली पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली, बेडफर्ड बनावटीची, तीस आसनांची. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. गोष्ट छान आहे, आणि खरीही आहे. फक्त ती आपली नाही.

कारण त्या १ जूनला परभणी मुंबई प्रांतात नव्हती. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, रझाकारांचा धुमाकूळ चालू होता, आणि इथल्या माणसाच्या लेखी पुण्या-नगरची ती गाडी परमुलखातली होती. पण तोवर संस्थानात सरकारी मोटारी धावायला लागून सोळा वर्षं होत आली होती. आपल्या एस.टी.च्या वाटचालीचं पहिलं प्रकरण १९३२ च्या जूनमध्ये सुरू होतं. ते आपल्या माइकवर कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. आणि लिहायचंच तर ते गाड्या चालवणाऱ्यांपेक्षा त्या चालत्या ठेवणाऱ्यांच्या बाजूनं लिहावं असं मला वाटतं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची मोटार चालवायला एक माणूस लागे. चालती ठेवायला किती लागत, ते पुढे येईलच.

सुरुवात रेल्वेच्या कचेरीत झाली. १ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारनं कंपनीकडून संस्थानची रेल्वे विकत घेतली. मनमाड-सिकंदराबादची मीटरगेज त्याआधीच तीस वर्षांची झाली होती. सेलू, परभणी, पूर्णा ही गावं तिच्यावरची. पण रेल्वे जिथून जाते तिथेच माणसं राहतात असं नाही. ‘मानवत रोड’ हे स्टेशनाचं नावच बघा ना. ‘रोड’ म्हणजे गाव पुढे आहे, उतरा आणि आपली सोय बघा. जिंतूर, पाथरी तर रुळापासून लांबच. ही मधली वाट बैलगाडी, टांगा आणि ‘सर्व्हिस मोटार’ यांच्या ताब्यात असायची. सर्व्हिस मोटार म्हणजे फोर्ड किंवा शेवरलेच्या लॉरीच्या सांगाड्यावर इथल्याच सुतारानं चढवलेली पेटी. ती वेळेवर सुटत नसे, भरली की सुटे. बिघडली की मालक दुरुस्त करी, तोवर उतारू झाडाखाली बसत.

अशा मोटारींनी तेव्हा हिंदुस्थानभरच्या रेल्वे कंपन्यांची झोप उडवली होती. रुळाला समांतर रस्त्यावरून त्या उतारू पळवत. ब्रिटिश सरकारनं मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना या भांडणाची चौकशी करायला लावलं, १९३३ मध्ये त्यांचा अहवाल आला. हैदराबाद संस्थान तोवर थांबलं नव्हतं. रेल्वेला मोटारी नकोशा असतील तर रेल्वेनंच मोटारी काढाव्यात, असा सरळ हिशेब करून त्यांनी रेल्वेचंच एक खातं उघडलं, निजाम स्टेट रेल्वेचं रोड ट्रान्सपोर्ट डिपार्टमेंट. सुरुवातीला गाड्या २७ आणि माणसं १६६. म्हणजे एका गाडीमागे सहा जण. आजच्या हिशेबतपासनिसानं हा आकडा पाहून कपाळाला आठ्या घातल्या असत्या. पण ती गाडी काय होती हे कळलं की सहा जणांचा संशय राहत नाही.

गाडी होती अल्बियन. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची, १८९९ साली सुरू झालेल्या कारखान्याची. रेडिएटरवर उगवत्या सूर्याचं चिन्ह, आणि कंपनीचं ब्रीद असं की आमची गाडी सूर्योदयाइतकी खात्रीची. परभणीच्या मे महिन्यात सूर्योदयाची खात्री कुणाला हवी असते? ती गाडीची हवी असते. ग्लासगोच्या थंडीपावसात बेतलेलं इंजिन इथल्या चव्वेचाळीस अंशांत आणलं की रेडिएटर चहाच्या किटलीसारखा बोलायला लागतो. पेट्रोल नळीतच वाफ होऊन बसतं आणि गाडी भर माळावर बंद पडते. मग नळीवर ओलं फडकं गुंडाळायचं आणि ते निवेपर्यंत विडी ओढायची, एवढाच इलाज. गाडीची पेटी लाकडी. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की सांधे कुरकुरत, पावसाळ्यात फुगलं की दार लागत नसे. आणि खाली आपली काळी माती. पाऊस पडला की ती चाकाला अशी चिकटते की चाकाचा आकारच बदलतो. उन्हाळ्यात तीच धूळ होऊन इंजिनात जाते. त्या काळी हवा गाळून घेण्याची सोय बेताचीच, त्यामुळे धूळ आणि तेल मिळून सिलिंडरच्या आत सहाणेवर चंदन उगाळावं तसं काम चाले. पिस्टन रिंगा झिजत, गाडी तेल प्यायला लागे आणि मागे निळा धूर सोडी.

अशी गाडी सकाळी सुरू करणं हाच एक विधी होता. आधी पाणी, मग तेलाची काडी, मग पेट्रोलची तोटी उघडायची. स्टिअरिंगजवळची बारीक दांडी ओढून ठिणगी मागे घ्यायची, म्हणजे ती जरा उशिरा पडेल. हे विसरलं तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडे. म्हणून नव्या पोराला पहिला धडा हँडल धरण्याचा मिळे. अंगठा हँडलला वळसा घालून धरायचा नाही, तो बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. झटका आलाच तर हात आपोआप सुटतो. आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. आज ज्यांच्याकडे युद्धापूर्वीची गाडी आहे त्यांनाही हा धडा जसाच्या तसा लागू आहे. नव्वद वर्षांत त्यात सुधारणा झालेली नाही, कारण मनगटात झालेली नाही.

गाडी सुरू झाली तरी गिअर टाकणं वेगळंच. आतली दातेरी चाकं एकमेकांशी जुळवून घेणारी यंत्रणा तेव्हाच्या लॉरी-बसमध्ये नसायची. क्लच दाबून गिअर काढायचा, क्लच सोडायचा, खालचा गिअर टाकायचा असेल तर मधेच ॲक्सिलरेटर द्यायचा, पुन्हा क्लच दाबून गिअर बसवायचा. यालाच डबल क्लच म्हणत. जमलं नाही तर असा खर्रर आवाज निघे की वर्कशॉपातल्या उस्तादाला न पाहताच कळे, आज कोण गाडीवर आहे.

उस्ताद हा शब्द मुद्दाम वापरला. मराठवाड्यात आजही गॅरेजातल्या थोरल्या मिस्त्रीला उस्तादच म्हणतात आणि पाना धरणारा पोरगा चेला असतो. कुस्तीच्या आणि गाण्याच्या घराण्यांतून हा शब्द मोटारीखाली शिरून काम करायच्या खड्ड्यात कधी उतरला कुणास ठाऊक, पण तो इथे शोभतो. कारण ही विद्या कागदावर नव्हती, हातात आणि कानात होती.

तिचा कस लागे तो बेअरिंगला. आज क्रँकच्या बेअरिंगच्या पातळ वाट्या डब्यातून निघतात, जुन्या काढल्या, नव्या बसवल्या, झालं. अल्बियनच्या पिढीत बेअरिंग ओतावी लागे. कथिलाचा मिश्रधातू, त्याला व्हाइट मेटल किंवा बॅबिट म्हणतात. इंजिन ठोकायला लागलं, म्हणजे आतून दाराची कडी वाजवावी तसा आवाज यायला लागला, की इंजिन खाली येई. जुना धातू वितळवून काढायचा, आतली बाजू लख्ख करायची, तिला कल्हई करायची. हो, भांड्याला करतात तीच कल्हई. ती नीट बसली नाही तर ओतलेला धातू पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. मग साचा गरम करून व्हाइट मेटल ओतायचं, निवू द्यायचं, लेथवर आतून कातायचं. एवढं झालं की खरं काम सुरू. क्रँकच्या गुळगुळीत दांड्यावर निळीचा बारीक हात फिरवायचा, बेअरिंग बसवायची, बोल्ट आवळायचे, क्रँक एकदा फिरवायचा आणि पुन्हा सगळं खोलायचं. जिथे बेअरिंग उंच असेल तिथे निळा ठिपका उमटलेला असतो. स्क्रेपरनं तेवढाच ठिपका खरवडायचा, कागदाच्या जाडीच्याही खाली. पुन्हा नीळ, पुन्हा फिरव, पुन्हा खोल. सुरुवातीला तीन-चार ठिपके, दुपारपर्यंत पुष्कळ, आणि दिवस मावळताना सगळ्या पृष्ठभागावर निळीची सारखी जाळी उमटली की उस्ताद मान हलवी. एका बेअरिंगला एक दिवस. चार सिलिंडरच्या इंजिनाला मोठ्या बेअरिंगा किती असतात ते मोजा, म्हणजे सहा माणसांचा हिशेब लागेल.

व्हॉल्व्ह घासणं त्या मानानं सोपं, पण तेही कानाचं काम. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये ग्राइंडिंगची लुकण लावून, टोकाला रबरी वाटी असलेली काठी दोन्ही तळव्यांत रवीसारखी फिरवायची. आधी खरखर येते, मग तो आवाज मऊ होत जातो. ती खरखर पूर्ण थांबली की लुकण पुसून नवी लावायची. ताक घुसळताना लोणी आलं हे बाईला आवाजावरून कळतं, तसंच.

मग सर्व्हिस मोटारीचा मिस्त्री आणि या खात्यातला मिस्त्री यांत फरक काय होता? हात तेच, हत्यारंही बहुधा तीच. फरक रेल्वेच्या शिस्तीचा. रेल्वेला इंजिन बंद पडण्याची वाट बघायची सवय नव्हती. इतके मैल झाले की इंजिन शेडमध्ये घ्यायचं, धुवायचं, उघडून बघायचं, ही तिची पद्धत, आणि पूर्णेच्या शेडमुळे ती या जिल्ह्याच्या डोळ्यांसमोर होती. मोटारीही रेल्वेच्याच खात्यातल्या म्हटल्यावर बिघडायच्या आधी दुरुस्त करण्याचं तत्त्व रुळावरून रस्त्यावर आलं. झाडाखाली बसलेल्या उतारूच्या दृष्टीनं ही मोठीच क्रांती होती, जरी त्याला ती फक्त ‘गाडी वेळेवर आली’ एवढीच दिसली.

खर्चाची एक गंमत सांगायची राहिली. तिकिटाचे पैसे यायचे हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात. सुटा भाग यायचा विलायतेतून मुंबई बंदरात, आणि त्याचे पैसे मोजायचे कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयात. सहा कलदार घ्यायला सुमारे सात हाली पडत. एखादी गिअरची चकती मोडली की तिची किंमत हैदराबादला पोचेपर्यंत अशी वाढे. तेव्हा जुना भाग टाकून न देता त्यावर धातू चढवून, कातून, पुन्हा बसवणं ही कंजुषी नव्हती.

१९३९ ला युद्ध लागलं आणि जुना भाग पुन्हा वापरणं ही गरजच होऊन बसली. विलायतेचे कारखाने सैन्याच्या गाड्या बनवायला लागले, जहाजांचा भरवसा उरला नाही. १९४१ पासून हिंदुस्थानात पेट्रोलचं रेशनिंग आलं. मग देशभर बसगाड्यांच्या मागे उभे बंब दिसायला लागले. आपला पाणी तापवायचा बंब असतो ना, तसाच, फक्त माणसाएवढा. त्यात लोणारी कोळसा पेटवायचा, अपुऱ्या हवेत जळताना त्यातून निघणारा गॅस थंड करून, गाळून इंजिनाला पाजायचा. पहाटे उठून बंब पेटवा, गॅस चांगला पेटतो का ते काडी लावून बघा, मग गाडी. ताकद एक तृतीयांशानं तरी घटायची, चढ आला की उतारू उतरून ढकलायचे. राख आणि डांबर गाळणीतून निसटून व्हॉल्व्हवर बसे, की पुन्हा ती रवीची काठी. युद्धाच्या वर्षांत मिस्त्री लोकांनी जे निभावलं त्याची कुठे नोंद नाही. गाडी बंद पडल्याची नोंद होते, न पडल्याची होत नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि संस्थान भारतात आलं. त्यानंतर या खात्याच्या पाटीवरचं नाव इतक्यांदा बदललं की रंगाऱ्याला पेन्शन लागावं. १९५० मध्ये निजामाची रेल्वे केंद्र सरकारकडे गेली, तिच्याबरोबर मोटारीही गेल्या. १ नोव्हेंबर १९५१ पासून मोटारी हैदराबाद राज्य सरकारकडे आल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हा आपल्या वाट्याच्या गाड्या आणि माणसं इकडे आली आणि मराठवाड्याची एस.टी. वेगळं खातं म्हणून चालली. १९६१ मध्ये ती महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. कागदांची भाषा बदलली. डेपोचं ‘आगार’ झालं. गंगाखेडच्या माणसाला विचारा, तो अजून डेपोच म्हणतो.

पण खड्ड्यातल्या माणसाला या तारखांपेक्षा एक दुसराच बदल जाणवला. एस.टी.नं दुरुस्तीची रीतच पालटली. इंजिन नादुरुस्त झालं तर ते गाडीवरच बरं करत बसायचं नाही. ते काढायचं, दुरुस्त होऊन आलेलं दुसरं बसवायचं, गाडी फेरीवर पाठवायची, आणि काढलेलं इंजिन सावकाश मोठ्या कार्यशाळेत उघडायचं. त्यासाठी दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा अशा मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या राहिल्या. परभणीचं माहेर चिकलठाणा. परभणीत धावणाऱ्या कित्येक गाड्यांची पाटी बघा, एमएच २० दिसेल. जिल्ह्याचा आकडा २२, पण गाडीची पेटी बांधली जाते चिकलठाण्याला, म्हणून जन्मदाखला तिथला.

ही रीत यायला गाड्या एकसारख्या हव्यात. त्या झाल्याही. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार केला आणि डिझेलवर चालणारी टाटा-मर्सिडीज आली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आपली म्हण कुठून आली यावर पुष्कळ तर्क ऐकले आहेत. त्यात मी आणखी भर घालत नाही, पण जर्मन इंजिन परभणीच्या खड्ड्यावर उभं राहिलं तेव्हा कुणीतरी ती म्हण नक्की वापरली असेल. दुसरीकडे मद्रासची अशोक लेलँड आली. अल्बियन कंपनी १९५१ मध्ये इंग्लंडच्या लेलँडनं विकत घेतली होती. तेव्हा जिंतूरच्या रस्त्यावरची लेलँड ही त्या उगवत्या सूर्यवाल्या गाडीची चुलतघराण्यातली नात म्हणायला हरकत नाही.

डिझेलनं मॅग्नेटो गेला, त्याची ठिणगी गेली, सेल्फनं हँडल घालवलं. ओतायच्या बेअरिंगांची जागा डब्यातल्या वाट्यांनी घेतली. उस्तादाचे कान मात्र तसेच कामाला राहिले, आणि मैलांच्या हिशेबानं गाडी खड्ड्यावर घेण्याची ती रेल्वेची सवय ‘डॉकिंग’ या नावानं आगारात मुरली. परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड आणि पुढे हिंगोली जिल्ह्यात गेलेली हिंगोली, वसमत, कळमनुरी ही आगारं अजून एकाच परभणी विभागात आहेत. १९९९ मध्ये जिल्हा तुटला, विभाग तुटला नाही. तुराबुल हकच्या उरुसाला किंवा औंढ्याच्या शिवरात्रीला जादा गाड्या काढायच्या असल्या की या सगळ्या खड्ड्यांवर रात्रभर दिवे असतात.

आणि त्या अल्बियन गाड्या? बसगाडीचं आयुष्य संपलं की ती निकाली काढतात, तिचा लिलाव वजनावर होतो. सूर्याच्या चिन्हाला वजन फार नसतं. एक तेवढी वाचली, हैदराबादेत. मुशीराबादच्या बस भवनात १९३२ ची अल्बियन जपून ठेवली आहे, तिचं नाव ‘डेक्कन क्वीन’. पुण्या-मुंबईची डेक्कन क्वीन आगगाडी १ जून १९३० ची. म्हणजे दख्खनच्या राण्या दोन. एकीचा वाढदिवस दरसाल केक कापून होतो, दुसरी आवारात उभी आहे. परभणीच्या वाट्याला यातलं काही आलं नाही, एक रेडिएटर नाही की एक हँडल नाही. महामंडळानं मार्ग जपले, वेळापत्रकं जपली, यंत्रं जपली नाहीत, ही माझी तक्रार आहे. ज्यांच्याकडे चालू गाड्यांनाच सुटे भाग पुरत नाहीत त्यांच्याकडे ती करणं बरं दिसत नाही, हेही मला कळतं.

जुनं वाहन जपायला आता कायद्यात जागा झाली आहे. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी दिली. नव्यानं नोंदणीला वीस हजार, नूतनीकरणाला पाच हजार. ती गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मराठवाड्यातल्या एखाद्या गढीच्या पडवीत तुळशीच्या कुंड्या ठेवायला वापरलेली जुनी मोटार कुणाला सापडली आणि त्यानं ती उभी करायची ठरवली, तर त्याला नवीच अडचण येईल. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही आपल्याच उसाचं. जुन्या गाडीच्या पेट्रोलटाकीतला आणि कार्बोरेटरमधला तरंग बऱ्याचदा बुचाच्या लाकडाचा असतो, त्यावर लाखेचा हात दिलेला. लाख इथेनॉलमध्ये विरघळते. मग बूच पेट्रोल पितं, बुडतं, आणि गाडी पेट्रोल ओकायला लागते. तेव्हा तरंग पितळी पत्र्याचा करून घ्यावा, रबरी नळ्या बदलाव्यात आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी.

२०२२ च्या १ जूनला त्याच पुणे-नगर रस्त्यावर ‘शिवाई’ ही महामंडळाची पहिली विजेची बस धावली. तिला क्लच नाही, तेलाची काडी नाही, ठोकणारं इंजिन नाही. परभणीच्या खड्ड्यावर मात्र अजून संध्याकाळी डिझेलची गाडी येऊन उभी राहते, मिस्त्री हातोडी घेऊन चाकाच्या नटांवर एकेक टोला मारत जातो. टण, टण, टण, आणि एक जरा बद्द. तो तिथे थांबतो, पाना मागतो.